रामजीचा हिसका

पान्यातून ‘टक्’ असा आवाज आला. तिथेच थांबायचं, असा नियम होता. दौलतने मागे वळून कोणी बघत नाही याची खात्री केली, पाना दोन्ही हातांनी धरला आणि सगळं अंग टाकून आणखी एक हिसका दिला.

“हा रामजीचा,” तो पुटपुटला आणि समोरच्या बोल्टकडे वळला.

शिवडीला तेलाच्या टाक्यांपासून नवी पाइपलाइन टाकायचं काम चाललं होतं. दोन पाइपांची तोंडं जिथे एकमेकांना भिडतात, तिथे दोन्ही बाजूंना लोखंडाची जाड चकती असते. तिला फ्लॅंज म्हणतात. दोन चकत्यांच्या मधे गळती होऊ नये म्हणून गॅस्केट ठेवायचं आणि भोवतीचे बोल्ट आवळायचे. दौलतचं निम्मं आयुष्य हे आवळण्यात गेलं होतं. आधी परळच्या गिरणीच्या बॉयलर हाउसात, आणि संपाने गिरणी गिळल्यावर मिळेल तिथे. आता या कामावर कॉम्प्युटर आला होता. राधा मॅडम नावाची फणसवाडीची एक किडकिडीत इंजिनिअर मुलगी त्यात बोल्टची जाडी, गॅस्केटची जात, लाइनीतला दाब, इतकंच काय, बोल्टला ग्रीस लावलंय की नाही तेसुद्धा भरायची. मग कुठला बोल्ट किती जोराने आणि कुठल्यानंतर कुठला आवळायचा, ते तो कॉम्प्युटर सांगायचा. तो आकडा पान्यावर लावला, की तेवढा जोर पडताच पाना टक् करायचा.

“दौलतकाका, टक् झालं की हात काढायचा,” ती रोज बजावायची. “जास्त आवळणं हे ढिलं सोडण्याइतकंच वाईट असतं.”

“होय मॅडम.”

होय म्हणायला त्याचं काय जात होतं? पोरगी गुणाची होती, आवाज चढवून बोलायची नाही, चहा मागवला तर फिटरांनाही विचारायची. पण तिने रामजीला पाहिलं नव्हतं.

रामजी म्हणजे बॉयलर हाउसचा मुख्य फिटर, दौलतचा उस्ताद. दौलतला पाना धरायला त्याने शिकवलं, आणि हयगय केली की त्याच पान्याचं टोक पाठीत टोचायलाही तो कमी करत नसे. संपाच्या आदल्या वर्षी वाफेच्या लाइनीचा एक जोड सुटला आणि त्या वाफेत रामजी गेला. जोड आदल्याच दिवशी त्याने स्वतःच्या हाताने आवळला होता. मॅनेजरने गेटवर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की बोल्ट ढिला राहिला होता, फिटरचा निष्काळजीपणा. मेलेला माणूस काय उत्तर देणार? पण बॉयलर हाउसच्या पोरांना ते इतकं लागलं, की त्या दिवसापासून त्यांनी एक रीतच धरली. बोल्ट आवळून झाला, की रामजीच्या नावाने वरून एक हिसका. आता म्हणा ढिला!

पुढे संप झाला आणि गँग फुटली. कोणी गावी गेला, कोणी दादरला भाजी घेऊन बसला, कोणी दारूत बुडाला. रीत पाळणारा दौलत तेवढा उरला होता. त्याला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? उस्तादाचं दुसरं काही त्याच्याकडे नव्हतंच.

लाइनीत तेल सोडण्याआधी ती पाण्याच्या दाबाने तपासतात. त्या सकाळी सगळ्यांना दोरीच्या बाहेर लांब उभं केलं होतं. दाब चढत होता. राधा दाब दाखवणाऱ्या घड्याळाच्या काट्याकडे टक लावून होती. एकाएकी फटाक्यासारखा आवाज झाला, पाण्याचा पांढरा फवारा उडाला आणि लोखंडाचा एक तुकडा समोरच्या पत्र्याच्या शेडवर जाऊन आदळला. पत्र्याला भोक पडलं. शेडमध्ये कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

दौलतने जोड ओळखला. त्यानेच आवळलेला होता.

केबिनमध्ये शामराव साहेबांनी राधाला समोर उभं केलं होतं. साइटचे मोठे साहेब ते. कॉम्प्युटरवर त्यांचा पहिल्यापासून राग होता. दौलतला आणि बाकीच्या फिटरांना त्यांनी साक्षीला बोलावल्यासारखं दारात उभं केलं.

“मी सांगत होतो का नाही? या खेळण्यावर विसंबू नका म्हणून? चुकलाय तुमचा आकडा!”

“सर, मी पुन्हा काढून पाहिला. तोच येतोय,” राधा म्हणाली. शेडजवळ सापडलेला तुटका बोल्ट तिच्या मुठीत होता. तो ती सोडतही नव्हती.

“मग बोल्ट काय आपल्या मनाने तुटला? हेड ऑफिसला मी काय सांगू? निष्काळजीपणा आहे हा, दुसरं काय!”

तो शब्द दौलतने गिरणीच्या गेटवर ऐकला होता. इतक्या वर्षांनी तोच शब्द, तोच सूर. फक्त या वेळी ज्याच्यावर तो टाकला होता ते माणूस जिवंत होतं, खाली मान घालून उभं होतं.

तो न विचारता आत गेला. “मॅडम, बघू जरा.”

राधाने मूठ उघडली. बोल्ट जिथे तुटला होता तिथे तो गुळाच्या पाकाची तार ओढावी तसा बारीक होत गेला होता. दौलतने असा बोल्ट पूर्वी एकदा पाहिला होता. गिरणीत, त्या दिवशी, ओल्या फरशीवर. त्यानेच उचलून बाजूला ठेवला होता. हा असा बारीक कसा, असं तेव्हा मनात आलंही होतं, पण रामजी समोर पडलेला असताना बोल्टचं कोणाला सुचतंय!

“मॅडम, ढिला राहिलेला बोल्ट असा होतो?”

“ढिला कशाला बारीक होईल काका?” ती थकून म्हणाली. “झेपतं त्याच्यापुढे ओढला की असा लांबतो. एकदा लांबला की त्याची पकड गेली. मग दाब आला की तुटतो. पण मी दिलेला जोर त्याच्या निम्म्यानेही नव्हता.”

दौलतने बोल्ट उचलून हातात घेतला. रामजी पान्याला हातभर पाइप घालून ओढायचा. ‘आवाज येईपर्यंत ओढ रे’ म्हणायचा. बोल्ट कुरकुरला की त्याचं समाधान व्हायचं. म्हणजे ढिला नव्हता राहिला. आणि आपण सगळ्यांनी त्याच्या नावाने इतकी वर्षं काय केलं?

“साहेब, मॅडमचा आकडा बरोबर हाय,” तो म्हणाला. “मी वरून हिसका मारला.”

“कुठल्या बोल्टला?”

“सगळ्यांना.”

“अरे, पण का?”

याचं उत्तर त्या केबिनमध्ये देता येण्यासारखं नव्हतं. “सवय हाय साहेब,” तो म्हणाला.

शामराव बराच वेळ बोलले. शेवटी, उद्यापासून पान्याला हात लावायचा नाही, स्टोअरमध्ये बसायचं, एवढं त्यांनी सांगितलं. दौलतने पाना टेबलावर ठेवला. बाहेर राधाने त्याला गाठलं. ती आभार मानेल असं त्याला कुठेतरी वाटलं होतं. पण तिचे डोळे रागाने भरले होते.

“त्या शेडमध्ये माणसं जेवायला बसतात, काका. उद्या लाइनीत तेल असतं तर?”

“होय मॅडम,” तो म्हणाला. या वेळचं होय नुसतं म्हणायचं नव्हतं.

संध्याकाळी तो घरी न जाता लालबागला रामजीच्या चाळीत गेला. शेवंता, रामजीची बायको, दारात तांदूळ निवडत बसली होती.

“जय भीम, वहिनी.”

“जय भीम. आज कसं काय भावजी, वाट चुकलात?”

तो आत जाऊन बसला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या खाली रामजीचा फोटो. त्याच्या समोर बसून बोलणं जड गेलं, पण त्याने सगळं सांगितलं. आजचा बोल्ट, तेव्हाचा बोल्ट, राधा मॅडमचं बोलणं. शेवंता सूप मांडीवर घेऊन ऐकत राहिली.

“म्हंजे ढिला नव्हता?”

“नव्हता. लय आवळला होता. चूक त्याचीच, वहिनी. पण हयगय नव्हती केली त्याने.”

“मग गेटवर सगळ्यांसमोर तसं का बोलले ते?” तिने विचारलं आणि पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत दौलतने तिला रडताना पाहिलं नव्हतं.

जरा वेळाने ती उठली. फळीवरच्या डब्यांमागून तिने फिरकीचा पितळी तांब्या काढला. रामजी गिरणीत पाणी न्यायचा तो. फिरकीच्या झाकणाला त्याने गॅस्केटच्या रबराची चकती कापून बसवली होती. त्या दिवशी गिरणीने त्याच्या सदऱ्यासोबत तो परत पाठवला होता, भरलेला, त्याने सकाळी लावलेल्या झाकणासकट.

“कधी उघडला नाय,” शेवंता म्हणाली. “भ्या वाटायचं. लोक म्हणत होते ना, त्याचा हात ढिला. सहज उघडला असता तर मी काय केलं असतं, भावजी?” तिने तांब्या पुढे केला. “आता फिरवा.”

दौलतने तांब्या गुडघ्यांत धरला आणि झाकणाला हात घातला. झाकण हललं नाही. त्याने सदऱ्याच्या टोकाने पकडून जोर लावला, मनगटाच्या शिरा वर आल्या, आत पाणी डुचमळलं. झाकण हललं नाही. एवढ्या वर्षांत पितळ आपोआपही धरतं, हे त्याला ठाऊक होतं. ते तो बोलला नाही.

“नाय फिरत, वहिनी.”

“नाय ना?”

“नाय.”

शेवंताने तांब्या घेतला, पदराने नीट पुसला आणि फळीवर ठेवला. डब्यांच्या मागे नाही, पुढे. मग ती स्टोव्ह पेटवायला बसली.

“चहा घेऊन जावा,” ती म्हणाली.