चौथ्या बोल्टमधला पाना

फॉइलवाल्यांवर माझा पहिल्यापासून राग. बोर्डावर पालथं पडून हात मारायचे, लाट आली की उठून उभं राहायचं, याला सर्फिंग म्हणतात. हे लोक बोर्डाखाली हातभर दांडा लावतात, दांड्याला धारदार पंख, आणि पाण्याच्या दोन फूट वरून जातात. समुद्राला पाय लावायची लाज वाटते जणू! आधी दोघंच होते, आता पंधरा झालेत. गर्दीत कुणाच्या मांडीवरून तो पंख गेला तर? म्हणून जुन्या मंडळींना जमवून मीच नियम करून घेतला की फॉइल खडकापलीकडे. पाटीसुद्धा मीच रंगवली.

आणि फॉइल निघालं माझ्याच घरात. "बाबा, एकदा बघायला तरी ये ना," लेक वर्षभर मागे लागली होती. मी काही गेलो नाही. दुरुस्ती तेवढी करून द्यायचो, माझं वर्कशॉपच बोर्डांचं.

त्या सकाळी तिच्या दांड्याचे चारही बोल्ट बदलले. माझी पद्धत ठरलेली. बोल्ट आधी नुसते बोटांनी फिरवून बसवायचे, चौथ्याच्या डोक्यातल्या खाचेत पाना खोचून ठेवायचा आणि चहा झाला की चारही आवळायचे. पाना दिसला म्हणजे काम अर्धवट, नाही दिसला म्हणजे बोर्ड तयार. लेकीला हे लहानपणापासून ठाऊक.

चहा घेतोय तोच एक गिऱ्हाईक दारात. त्याच्या बोर्डाचा एक स्क्रू ढिला झाला होता. मी जाऊन तोच पाना उपसला, बाहेरच त्याचं काम केलं, वर चार गप्पाही हाणल्या. आत आलो तर लेकीचा बोर्ड जागेवर नाही, मागचं दार उघडं. आणि पाना माझ्या हातात.

तसाच धावत सुटलो. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला विचारलं, "माझी मुलगी?"

"खडकापलीकडे गेली, काका. तिकडचं मला दिसत नाही. तुमचाच नियम ना?"

मी खडकाकडे पळालो. तिकडे जीवरक्षक नाही, ऐकायला माणूस नाही. माझ्याच हट्टापायी ती एकटी होती.

खडकावर चढलो तेव्हा ती लाटेवर होती. आवाज नाही, फेस नाही, बोर्ड हवेत आणि त्यावर माझी पोर ताठ उभी. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होती. मी दोन्ही हात हलवून ओरडलो, "थांब! उतर खाली!"

वाऱ्यात तिला शब्द पोचले नाहीत, मी तेवढा दिसलो. तिनं आनंदानं हात हलवला. बाप शेवटी बघायला आला होता! ती वळली आणि मला दाखवायला आणखी मोठ्या लाटेकडे निघाली. मी घसा फुटेस्तोवर ओरडत होतो, आणि मी जितका ओरडत होतो तितकी ती पुढे जात होती.

लाटेच्या मध्यावर बोर्ड एकाएकी कलला. ती फेकली गेली. बोर्ड उलटा होऊन वर आला, खाली दांडा नव्हता. ती दिसेना. मी कपड्यांनिशी पाण्यात उडी घेतली. डोळ्यांपुढे तो पंख होता, फक्त पंख.

मग बोर्डाच्या पलीकडून तिचं डोकं वर आलं. पोटरी चिरली होती, बाकी धड होती. मी तिला कसंबसं वाळूवर ओढलं.

"सॉरी बाबा," ती धापा टाकत म्हणाली. "मीच नीट बघितलं नसणार. तू पहिल्यांदाच आलास आणि मी..."

बोलता बोलता तिचं लक्ष माझ्या मुठीकडे गेलं. पाना अजून तिथेच होता.