पुकारलेले नाव

मित्रांनो, दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीला एक म्हातारा माईक बसवलेला तुम्ही पाहिला असेल. तो मीच. एका कारखान्यात माझी जुळणी झाली. मान हवी तशी वळणारी आणि आवाज असा खणखणीत, की पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, "वा! आता शेवटच्या बाकावरच्या आजोबांनाही ऐकू जाईल." त्या कौतुकाने मी फुशारून गेलो होतो. नावे पुकारणे हे माझे काम. केसपेपरवाल्या बाई बोलत आणि मी ते साऱ्या दालनाला ऐकवी.

एका सकाळी खिडकीशी एक शिवणकाम करणारी बाई आली. तिच्या गळ्यात अजून माप घ्यायची टेप होती. पायाला काच लागून झालेली जखम चिघळली होती आणि साखरेचा आजार जुना होता. जन्मतः घरच्यांनी तिला मुलगा समजून मुलाचे नाव ठेवले होते. ती मात्र स्त्री होती आणि वीस वर्षे स्त्री म्हणूनच जगत होती. अशा व्यक्तींना पारलिंगी म्हणतात. ती आता राहत होती त्या नव्या गल्लीत हे कुणाला ठाऊक नव्हते. ते सांगायचे की नाही, हा तिचा प्रश्न होता.

ती खिडकीत वाकून हळूच म्हणाली, "बाई, ओळखपत्रावर जुनंच नाव आहे. पुकारताना नुसतं आडनाव घ्याल का?"

"घेते हो, बसा," बाई म्हणाल्या. त्या मनाने वाईट नव्हत्या, पण त्या दिवशी रांग दारापर्यंत गेली होती आणि मदतनीस रजेवर होती.

तासाभराने बाईंनी कागद उचलला आणि त्यावरचे पूर्ण नाव वाचले. मी ते दालनभर घुमवले. कुणी उठले नाही. बाईंनी पुन्हा पुकारले, मग तिसऱ्यांदा. तेवढ्यात त्यांची नजर तिच्यावर गेली आणि माझे बटण चालू असतानाच त्या बोलून गेल्या, "अहो ताई, तुमचंच ना हे? कागदावर पुरुष लिहिलंय, म्हणून माझा गोंधळ झाला!"

दालनभर माना तिच्याकडे वळल्या. मागच्या बाकावर तिच्याच गल्लीतल्या दोघी होत्या. एक दुसरीला म्हणाली, "अगं बाई! माझ्या लेकीचं माप हिनेच घेतलंय की!"

ती उठली. डॉक्टरांच्या खोलीकडे न जाता, लंगडत दाराबाहेर गेली. त्या क्षणी माझी तार कुणी उपटली असती तर बरे झाले असते.

चार महिन्यांनी तिची थोरली बहीण जुने कागद मागायला आली. "मोठ्या इस्पितळात तिचा पाय काढलाय, गुडघ्याखाली," ती म्हणाली. "जखम एवढीशी होती. मी रोज म्हणायचे, चल, पट्टी करून घेऊ. तर म्हणायची, ताई, मरेन पण तिथं पाऊल टाकणार नाही. शिवायला येणाऱ्या बायकाही थांबल्या."

बाईंचा चेहरा उतरला. "मी विसरले हो. गर्दी होती त्या दिवशी."

"तुम्ही विसरलात," बहीण शांतपणे म्हणाली, "गल्ली नाही विसरली."

त्यानंतर बाई कित्येक दिवस मला पुसता पुसता मध्येच थांबत. त्यांनीच डॉक्टरांच्या मागे लागून क्रमांकाचे बिल्ले सुरू केले. प्रत्येकाला त्या हलक्या आवाजात विचारू लागल्या, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" आता भिंतीवर आकडे उजळतात आणि मी कपाटात, जुन्या रजिस्टरांवर पडून आहे. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते की, ती शिवणकाम करणारी बाई पुन्हा कधीच आली नाही.

मित्रांनो, मी यंत्र आहे. तोंडाशी आलेला शब्द मला अडवता येत नाही. तुम्हाला येतो. दवाखान्यात माणूस आपले दुखणे दाखवायला येतो. त्याने आणखी काय सांगायचे आणि काय झाकून ठेवायचे, ते त्याचे त्याला ठरवू द्या.