तीन टिचक्यांचा काटा

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातलं एक पोरही विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच लिहून देतो. मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नव्हे आणि वजनाचाही नव्हे. हवेच्या टाकीत किती हवा उरली ते दाखवणारा, बशीएवढ्या तबकडीतला काटा. आज तुमच्या शाळेच्या कपाटात काचेआड बसलोय म्हणून मला साधा समजू नका. मी असा ग्रह पाहिला आहे, जिथे वारा सुटला की माणसाची सावली उडून जायची आणि दुसऱ्या दिवशी शोधून आणावी लागायची.

हसा, हसा. तिथे फार दिवस कोणी हसलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब टेबलावर झाला. मला जोडणाऱ्या काकूंची नजर इतकी बारीक, की मुंगी लंगडली तर कोणत्या पायाने, तेही त्या सांगत. मला टाकीवर बसवताना त्या म्हणाल्या, "बाळा, लोकांना आवडेल ते सांगू नकोस. आहे ते सांग." मी मान डोलावली. मान डोलावण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

पुढे तीन माणसांबरोबर मी त्या ग्रहावर उतरलो. कॅप्टनबाई, दगडधोंड्यांचा अभ्यास करणारे मास्तर आणि यंत्रं सांभाळणारे मिस्त्री. यानापासून दोन तासांच्या वाटेवर त्यांनी पत्र्याची एक खोली उभी केली. बाहेरची हवा जहाल विषारी. एक श्वास घेतला की खेळ खलास. आत श्वास घ्यायचा तो माझ्याच टाकीतला. तीन जीव माझ्याकडे डोळे लावून बसत. केवढा मान!

पण तिथली धूळ पिठासारखी. ती माझ्या सांध्यांत शिरली आणि मी अडकू लागलो. एकदा बसलो की बसलो. मिस्त्रींना माझी ही खोड ठाऊक होती. रोज सकाळी चहाआधी ते माझ्या काचेवर तीन टिचक्या मारत आणि म्हणत, "ऊठ रे लबाडा!" मी दचकून खऱ्या जागी येई. मगच ते आकडा वाचत. "मिस्त्री, त्यालाही कपभर चहा पाजा हो," कॅप्टनबाई म्हणत.

एक दिवस वादळ सुटलं. छपरावरची तार तुटली. मिस्त्री कमरेला दोर बांधून ती जोडायला बाहेर गेले. बऱ्याच वेळाने आतल्या दोघांनी दोर ओढला. टोकाला काहीच नव्हतं.

आता यानाकडे निघायचं, की वादळ ओसरायची वाट पाहायची? कॅप्टनबाई दाराशी उभ्या राहिल्या. "निघू या का, मास्तर?"

"कशाला जिवावर उदार होता? हवा आहे की भरपूर. वादळ काय जन्मभर राहतंय?"

हे 'भरपूर' त्यांनी कुठून काढलं, देव जाणे! मित्रांनो, मी तर तेव्हा शून्यावर येऊन ठेपलो होतो. ऊर फुटेस्तोवर ओरडत होतो, संपली, संपली! त्या दोघांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पत्ते पिसले. तिसऱ्या डावात कॅप्टनबाईंचं डोकं हळूच भिंतीला टेकलं. डुलकी लागली असेल, असं समजून मास्तर पानं धरून बसून राहिले. मग त्यांचीही मान कलली.

बावीस वर्षं त्या खोलीत मी बोलत होतो. पहिली दहा वर्षं मला वाटायचं, ते ऐकताहेत.

मग एके दिवशी दार खरवडल्याचा आवाज आला. दोघं आत आली. एक डॉक्टर आणि एक तरुण वैमानिक बाई. ती आमच्या मिस्त्रींची लेक. लहानपणापासून तिने चारचौघांत एकच ऐकलं होतं, की ती तिघं भित्री निघाली, खोलीत दडून बसली आणि तिथेच मेली. हे खरं की खोटं, एवढंच पाहायला ती इतक्या लांब आली होती. तिने खुर्च्या पाहिल्या. हाडांच्या बोटांत अडकलेली पानं पाहिली.

"घाबरलेली माणसं पत्ते खेळतात होय, डॉक्टर? मग ही निघाली का नाहीत?"

डॉक्टरांना विचार करायलाही सवड नव्हती. बाहेर पुन्हा वादळ उठलं होतं. दोघांच्या पाठीवर जेमतेम सव्वादोन तासांची हवा, आणि त्यांचं यानही दोन तासांवर. डॉक्टरांनी माझ्यावरची धूळ पुसली आणि त्यांना रडूच कोसळलं.

"अर्धी! अगं, अर्धी टाकी शिल्लक आहे! वाचलो आपण. इथेच बसू, वादळ ओसरलं की निघू." ते नळी जोडायला वाकले.

ती जवळ आली. घरच्या स्कूटरचा पेट्रोलचा काटा वाचण्याआधीसुद्धा तिचे बाबा टिचक्या मारत. तीच सवय तिच्या बोटांत उतरली होती. तिने माझ्या काचेवर टक, टक, टक केलं.

"ऊठ रे लबाडा."

मी शून्यावर आपटलो.

डॉक्टर नळी हातात धरून तसेच राहिले. ती मात्र त्या दोन खुर्च्यांकडे बघत होती. "कळलं मला," ती एवढंच म्हणाली. मग तिने मला उपटून खिशात टाकलं. "चला डॉक्टर. धावायचं नाही, बोलायचं नाही."

दोघं एका दोराने बांधून घेऊन निघाली. शेवटचा चढ रांगत चढली. यानाचं दार लागलं तेव्हा त्यांच्याकडे तीन श्वास उरले होते, दोन तिचे आणि एक डॉक्टरांचा. मी स्वतः मोजले.

तर मित्रांनो, घरातला असो, गाडीतला असो, काट्याची धूळ पुसत जा. टिचकी मारत जा. आम्हाला मुळीच राग येत नाही. आणि एखादा काटा जिवाच्या आकांताने खरं सांगत असेल, जसं मी त्या दोघांना सांगत होतो, तर...

"ए, थांब!" पुढच्या रांगेतली, गुडघ्याला पट्टी बांधलेली मुलगी ताडकन उभी राहिली. "तेव्हा तू शून्यावर होतास, तर मग डॉक्टरांना अर्ध्यावर कसा सापडलास? खोटं बोलतोयस तू! तू अर्ध्यावरच बसून होतास. म्हणून ती दोघं निघाली नाहीत!"