शाखा चौथी, निर्वंश

"या घराण्याचा इतिहास काळाच्या बापालाही पुसता येणार नाही!" दर्पण कॉलनीतल्या आपल्या बैठकीत पांडुरंगरावांनी जाहीर केलं आणि लॅपटॉपवर हात आपटला. त्याचं एक बटण उडून सोफ्याखाली गेलं.

"काका, हात आवरा," सोफ्याखाली डोकं घालत विनिता म्हणाली.

लॅपटॉप अठ्ठ्याण्णव सालचा. सव्वीस वर्षं काकांनी त्यात घराण्याचा कुळवृत्तांत लिहिला होता, तोही अशा फाँटमध्ये, की दुसऱ्या कंप्युटरवर उघडला तर नुसती भुताटकी दिसावी. हल्ली आतली हार्ड डिस्क सुपारी कातरल्यासारखी वाजू लागली होती. विनिताचं शहरातल्या लष्कर भागात कंप्युटर दुरुस्तीचं दुकान. त्यातून ती काकांच्या चुलतभावाची मुलगी, म्हणजे हक्काची. तिने तिथल्याच बाडा चौकाजवळच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून जुन्या कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड पैदा केलं आणि तीन रविवार घालवून डिस्कवरचं सगळं त्यात उतरवलं. शेवटची फाईल उतरली आणि डिस्कने मान टाकली. आता घराणं उरलं होतं ते काड्यापेटीएवढ्या कार्डात.

डिस्कच्या जागी ते कार्ड बसवल्यावर लॅपटॉप मुकाट सुरू झाला. नीट उतरलंय का बघायला तिने सहज आपल्या वडिलांचं पान उघडलं.

'शाखा चौथी. रमाकांत. पत्नी सुलोचना. निर्वंश.'

तिने दोनदा वाचलं.

"काका, मी कोण आहे?"

"म्हणजे? विनिता."

"आणि दुर्गाताई? रमाकांतला दोन मुली आहेत. इथे निर्वंश लिहिलंय!"

"अगं, मुलगे नसले की तसंच लिहायचं असतं. पद्धत आहे. मनाला लावून घेऊ नकोस."

"हद हो गई, काका! तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी पहाटे पाच वाजता गाडी कोणी आणली? निर्वंशने! तीन रविवार कोण खपलं? निर्वंश! आणि तुमच्या लेकाला, अभिरामला दीड पान? त्यात चौथीतल्या लिंबू-चमच्याचं बक्षीस!"

"पहिलं होतं ते," काका पुटपुटले.

"कॅनडाहून त्यालाच बोलवा मग हे बसवायला!" तिने लॅपटॉप बंद केला, उलटा केला, झाकण काढलं आणि कार्ड उपसून पर्समध्ये टाकलं. "निर्वंश माणसं मागे काही ठेवत नाहीत."

काकांचा चेहरा उतरला. "विने, पुढच्या रविवारी स्नेहसंमेलन आहे. छापायला द्यायचंय."

"मग दुरुस्त करा. आत्ता. माझ्यासमोर."

"एक शाखा बदलली की उरलेल्या अकरा बदलाव्या लागतील! किती मुली आहेत, कल्पना आहे का तुला?"

"नाही. तुमच्या पुस्तकात एकही सापडत नाही ना!"

काकांनी खुर्ची मागे सरकवली. "तूच लिही. मला ते टाइप करवणार नाही."

तिने कार्ड पुन्हा बसवलं. 'निर्वंश' एकेक अक्षर करून खोडलं. दुर्गाताई लिहिली, तिची मुलं लिहिली. मग लिहिलं: 'विनिता. कंप्युटर दुरुस्ती, लष्कर. हयात.' आणि स्क्रीन त्यांच्यापुढे धरला.

काकांनी चष्मा कपाळावर चढवून ओळ न् ओळ वाचली. विनिता पुढच्या वाक्याची वाटच बघत होती. उत्तरं तयार होती तिची.

"बरं," काका म्हणाले, "आता हयात आहेसच, तर जरा चहा टाक."