दत्तोबांचा लांब होणारा दात

चाकणच्या आसपास कुठंही बैलगाडा शर्यत असली की माईक दत्तोबांच्या हातात असायचा. गाडा सुटला की त्यांची "भिर्रर्र" डोंगरापलीकडं ऐकू जायची. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, बैल पळायचे आणि मंचावर दत्तोबा. असंच एकदा पळता पळता वायरमध्ये पाय अडकला, माईक खाडकन तोंडावर बसला आणि वरचा पुढचा दात तुटला. तरी त्यांनी ती बारी, म्हणजे त्या गाड्याची धाव, पूर्ण सांगितली. मग तुकडा खिशात टाकला आणि पुढचा गाडा पुकारला.

पण त्या फटीतून आता शिट्टी वाजायला लागली. पुढच्या गावात ते म्हणाले, "सगळे सज्ज!" आणि भोंग्यातून अशा दोन कडक शिट्ट्या निघाल्या की बैल झेंडा पडायच्या आतच सुटले. बैल धरून उभे असलेले दोघं जण धोतरासकट निम्म्या घाटापर्यंत गेले. शर्यत बघायला आलेले, दत्तोबांच्याच गावच्या यात्रा कमिटीचे मालोजी हात जोडून म्हणाले, "दत्तोबा, एक तर दात बसवा, न्हाईतर 'स' सोडून बोला."

'स' सोडून गाड्याला लागलेले सेकंद कसे सांगायचे? दत्तोबा मुकाट निगडीला दातांच्या डॉक्टर तनुजांकडं गेले. सोबत मुलगा नवनाथ, कंपनीत नाइट शिफ्ट करून आलेला, डोळे अर्धे मिटलेले.

डॉक्टरांनी दाताचं रूट कॅनॉल केलं. मग समजावलं, "काका, दात हिरडीच्या फार जवळ तुटलाय. कॅप बसवायला पकडच नाही. म्हणून हिरडी थोडी कापून मागं सारू, म्हणजे आतला दात बाहेर दिसेल. त्याच्यावर कॅप घट्ट बसेल."

"याला म्हणतात काय?" नवनाथनं जांभई देत विचारलं.

डॉक्टरांनी इंग्रजी नाव सांगितलं. नवनाथनं घरी येऊन आईला त्याचा सरळ मराठी अर्थ सांगितला, "आबांचा दात लांब करणार हायेत." आणि तो झोपून गेला.

सुभद्राबाईंच्या हातातली परातच खाली आली. "लांब? किती लांब?"

"इचारलं न्हाई," दत्तोबा म्हणाले. आता त्यांनाही घाम फुटला.

"अवो, माणूस दात आखूड करून घेतं. नातवंडं भिऊन जवळ यायची न्हाईत!"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. शेजारचे यशवंतराव खास बघायला आले. चहा पिता पिता ओठाकडं टक लावून म्हणाले, "एकच लांब करणार, का जोडीनं?"

दत्तोबा घाबरले खरे, पण गावची यात्रा आठवड्यावर आली होती. ज्या दिवशी दात लांब होईल, त्याच दिवशी कॅप बसेल, आणि यात्रेत आपण माईक धरू, असा त्यांचा हिशोब. डॉक्टरांना यात्रेचं काही सांगितलं नाही आणि डॉक्टरांनी सांगितलेलं नीट ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या खुर्चीत आडवं झाल्यावर इंजेक्शनची सुई दिसली आणि सवयीनं त्यांचं तोंड सुटलं. "आली, आली, सुई घाटात आली! डावीकडनं डॉक्टरबाई, उजवीकडनं नर्सबाई..."

"काका, तोंड उघडं ठेवा आणि बोलू नका."

"ह्या दोन गोष्टी मला एका वेळंला जमत न्हाईत, बाई."

मग ओठ बधिर झाला आणि नुसतं "भ्भ्भ" यायला लागलं. बाहेर बाकावर सुभद्राबाई कान देऊन बसल्या होत्या. त्या नवनाथला म्हणाल्या, "वाढला वाटतं दात. तोंडात मावंना."

काम झाल्यावर डॉक्टरांनी आरसा दिला. दत्तोबांनी एक डोळा मिटून ओठ वर केला. दात तसाच तुटका होता आणि हिरडीवर गुलाबी मळलेल्या कणकेसारखं काहीतरी थापलेलं होतं.

"ही पट्टी आठवडाभर ठेवायची. मोठ्यानं बोलायचं नाही, ओठ ओढायचा नाही. हिरडी भरली, नीट बसली, की कॅप. त्याला काही आठवडे जातील."

"आठवडे?" दत्तोबांनी बधिर तोंडानं विचारलं. "आणि यात्रा?"

"कसली यात्रा?" डॉक्टरांनी विचारलं. तेव्हा सगळा उलगडा झाला आणि दत्तोबांनी जी मान खाली घातली ती चाकण येईपर्यंत वर केली नाही.

घरात दत्तोबा खुणांनी चहा मागायचे, खुणांनी रागवायचे. सुभद्राबाईंना पहिल्यांदाच एक वाक्य शेवटपर्यंत बोलता आलं. मग त्यांनी दुसरंही बोलून बघितलं.

इकडं मालोजींनी हिंजवडीहून एक निवेदक ठरवला, गॉगलवाला. यात्रेच्या सकाळी त्याचा फोन आला, "सर, मी ट्रॅफिकमध्ये अडकलोय." दुपारी पुन्हा फोन आला, "सर, अजून त्याच सिग्नलला आहे." घाट माणसांनी भरलेला, बैल फुरफुरतायत, मंच रिकामा. मालोजी पळतच घाटाच्या कडेला बायकोशेजारी बसलेल्या दत्तोबांकडं आले. दत्तोबांनी तोंडाकडं बोट दाखवलं, मग माईककडं, मग बायकोकडं. म्हणजे, मी खुणा करतो, ही सांगेल.

"मी? काय बाई!" म्हणत सुभद्राबाई मंचावर चढल्यासुद्धा.

पहिली बारी ठीक गेली. दत्तोबांनी हात हलवले, त्यांनी शब्द लावले. दुसऱ्या बारीत त्यांनी खुणांकडं बघणंच सोडलं. "हा गाडा रावेतच्या पाव्हण्यांचा! बैलांना रोज अंडी न् दूध हाय, मालकाची बायको मात्र वाळून गेलीय, तिच्याकडंबी बघा! ओ यशवंतराव, घाटातनं बाजूला व्हा. बैलाला काय म्हाईत तुमी यशवंतराव हाय ते!"

अख्खा घाट हसून लोळायला लागला. बायका दुसऱ्या बाजूनं टाळ्या पिटायला लागल्या. एरवी शर्यतीला पाठ करून बांगड्या बघणाऱ्यासुद्धा मंचाजवळ सरकल्या. दत्तोबा बाजूला हात हलवत उभे होते, पण त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं. आधी त्यांना कौतुक वाटलं. मग कसंतरीच वाटलं.

तेवढ्यात दिवसातला सगळ्यात चपळ गाडा सुटला. बैल जमिनीला टेकतच नव्हते. आणि सुभद्राबाई सांगत होत्या, "त्या तांबड्या बैलाची झूल मात्र लई सुरेख शिवलीय..."

दत्तोबांना राहवलं नाही. त्यांनी माईक हिसकावला, ओठ पार नाकापर्यंत ओढला आणि आरोळी ठोकली, "भिर्रर्रर्रर्र!"

गुलाबी पट्टी तोंडातून सुटली, मंचावरून सुसाट गेली आणि टाळी वाजवत "वा!" म्हणायला आ केलेल्या मालोजींच्या तोंडात शिरली. मालोजींना वाटलं, कुणी पेढा टाकला. त्यांनी दोनदा चावला. मग त्यांचा चेहरा बदलला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तनुजांनी नवी पट्टी लावली आणि दत्तोबांना असं काही झापलं की बाहेर बसलेले दोन पेशंट न दाखवताच घरी गेले. टाके वाचले होते, हे नशीब. पुढं हिरडी छान भरली आणि कॅप बसली. दात शेजारच्या दाताएवढाच निघाला. यशवंतरावांनी वाकून, तिरकं होऊन बघितलं आणि जरा नाराज होऊनच गेले.

मग शेजारच्या गावाच्या यात्रेसाठी फोन आला. दत्तोबांनी घसा साफ करून, सगळे 'स' नीट उच्चारून सांगितलं, "बोला, दत्तोबा निवेदक बोलतोय."

"नमस्कार, दत्तोबा. वहिनी हायेत का?"

दत्तोबांनी फोन सुभद्राबाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "घे. पण त्यांना सांग, बैलांचं मी बोलणार, माणसांचं तू."

सुभद्राबाईंनी फोन कानाला लावला आणि म्हणाल्या, "येतो की आमी. मंच जरा रुंद बांधा, आमचे हे नाचत्यात."