बोटीचं पेट्रोल

पोंगलचा सण उरकला आणि त्याच आठवड्यात सुब्रमण्यम यांना पक्षाघाताचा झटका आला. तंजावूरच्या इस्पितळातून ते घरी परतले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला होता, आणि बोलणं जवळजवळ गेलं होतं. तमीळ तर पार पुसली गेली. जन्मभर ज्या भाषेत त्यांनी पॉलिटेक्निकमध्ये मुलांना यंत्रं शिकवली, बाजारहाट केला, भांडणं केली, तिच्यातला एक शब्दही जिभेवर येईना. उरली ती घरातली, पिढीजात तंजावुरी मराठी, तीही मोडकीतोडकी, भलत्या शब्दांची.

"असं होतं," डॉक्टर कमलाक्षीला म्हणाले होते. "खुर्ची हवी असेल तर छत्री मागतील. तुम्ही रागावू नका. त्यांना मनातलं सगळं समजतं, शब्द तेवढा चुकतो."

कमलाक्षी रागावत नसे. कॉफीला ते 'पुस्तक' म्हणत, हे तिला दोन दिवसांत कळलं. पंख्याला 'देव'. ती हसून पंखा लावी, तेही अर्ध्या तोंडानं हसत.

निवृत्तीनंतर नवराबायको राजवाड्यामागच्या गल्लीतलं घर सोडून कोळ्ळिडम नदीच्या काठी, आपल्या शेतावर येऊन राहिली होती. शेजारीच सुब्रमण्यम यांचा धाकटा भाऊ मुरलीकृष्ण. समोर नदी, आणि नदीच्या मधोमध एक तिट्टू, म्हणजे वाळू-गाळाचं बेट. त्याच्यावर केळीच्या बागा आणि दहाबारा घरं. वरच्या धरणातून पाणी सोडलं की तिट्टू काठापासून तुटायचा. मागच्या एका पुरात तिथली माणसं सबंध दिवस छपरांवर बसून राहिली, तेव्हा गावानं वर्गणी काढून इंजिनाची एक बोट घेतली. ती वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच पाण्यात उतरायची. पण उतरायची तेव्हा चालायलाच हवी होती, आणि ते पाहणं सुब्रमण्यम यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

पेट्रोलचे कॅन ते नारळीच्या बागेतल्या शेडमध्ये, सावलीला, फळीवर ठेवत. गळ्यापर्यंत भरलेले, म्हणजे आत दमट हवा राहायला नको. आणि तिथं पेट्रोल ते कधीच मुरू देत नसत. दर थोड्या दिवसांनी जुनं पेट्रोल स्वतःच्या स्कूटरमध्ये ओतायचे आणि गावच्या पंपावरून ताजं आणून कॅन भरून ठेवायचे. हे त्यांनी कुणाला समजावून सांगितलं नव्हतं. कमलाक्षीला वाटे, माणसाला स्कूटर फिरवायची हौस आहे.

झटका आला तशी बोट मुरलीकृष्णकडे आली. मुरली मनाचा सरळ, पण भावाच्या कामात आपल्याकडून काही कमी पडू नये या धास्तीनं जरा जास्तच कडक झाला. शेडमधून पूर्वी एकदा पेट्रोल चोरीला गेलं होतं. त्यानं नवं कुलूप आणलं. इंजिन एकदा चालवून पाहिलं, कॅन निम्मे झाले, ते तसेच घट्ट झाकून ठेवले.

"वहिनी, अण्णाला सांगा," तो अधूनमधून म्हणायचा, "एक थेंब कुणाला काढू दिलेला नाही."

कमलाक्षीनं ते सांगितलं त्या दिवशी सुब्रमण्यम अस्वस्थ झाले. डावा हात खिडकीकडे नाचवत म्हणाले, "दूध. दूध नासलं."

"कुठे नासलं? सकाळीच तापवलं की."

"नासलं! दूध!"

तिनं पातेलं आणून दाखवलं. त्यांनी मान झटकली. तिनं पेल्यात ओतून दिलं तर त्यांनी हातानंच तो पेला उडवला. दूध भिंतीवर गेलं. कमलाक्षीनं मुकाट्यानं भिंत पुसली आणि स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडली. पुढे ते वारंवार असं म्हणू लागले. तिनं दूधवाला बदलला. मुरली घरात आला की तर फारच चिडत, "नासलं, नासलं" म्हणून त्याच्या सदऱ्याला धरत. मुरलीला वाटे, अण्णा आपल्यावर नाराज आहे. तो येईनासा झाला.

आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणाच्या सुमाराला, नदीची पूजा झाली. बायकांनी काठावर हळदकुंकू वाहिलं, पाणी नव्या गाळानं छान लाल वाहत होतं. त्यानंतर वरचं धरण भरलं आणि दवंडीची गाडी फिरली. कोळ्ळिडममध्ये मोठं पाणी सोडणार, सखल भागातल्यांनी बाहेर पडावं. तिट्टूवरची बरीच माणसं वेळेवर बाहेर आली. काही घरं राहिली. केळीचे घड उतरवायचे होते, गुरं होती, आणि बोट आहेच, हा भरवसा होता.

मागे राहिलेल्यांत नटराज आणि त्याची बायको राजम होती. राजम रोज कमलाक्षीकडे केळफूल, आळूची पानं घेऊन यायची. तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, टेकून ताक प्यायची आणि जायची.

सकाळी पाणी अपेक्षेपेक्षा भराभर चढलं. मुरलीनं शेड उघडली, दोघांना बरोबर घेतलं, टाकी भरली. इंजिन दोरी ओढताच सुरू झालं. काठावर जमलेल्या लोकांनी आरोळी दिली. पलीकडे तिट्टूवर कुणीतरी पांढरं कापड हलवत होतं.

बोट ऐन मध्यावर गेली आणि इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं, आणि बंद पडलं. मुरली दोरी ओढतोय, ओढतोय, हे काठावरून दिसत होतं. प्रवाहानं बोट आडवी फिरवली आणि ती खाली वाहू लागली. तिट्टूवरचं पांढरं कापड हलायचं थांबलं.

नशीब की खालच्या वळणावर बांबूचं बेट होतं. बोट त्यात अडकली. काठावरून दोर फेकून ती ओढून घेईपर्यंत आणि ट्रॅक्टरवर घालून परत आणेपर्यंत सकाळ सरली. मुरलीचे तळहात सोलून निघाले होते.

"इंजिनात काही नाही," तो एकसारखं म्हणत होता. "पाहिलं होतं मी. काही नाही इंजिनात."

कुणीतरी म्हणालं, पेट्रोल बघ. कमलाक्षीच्या तिण्णैवरच कॅन आणला. मुरलीनं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पेट्रोल ओतलं आणि बाटली उजेडात धरली. क्षणभरानं आतलं पेट्रोल दुभंगलं. वर पिवळट थर, खाली गढूळ, पाण्यासारखा दुसरा. त्याला धड पेट्रोलचा वास नव्हता, जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस काही येत होता.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि फार दिवस झाले की पाणी-अल्कोहोल वेगळं होऊन तळाशी बसतं. इंजिन तळातलंच ओढतं. हे सगळं मुरलीला नंतर कळलं. त्या वेळी कमलाक्षीनं फक्त बाटलीतलं ते नासक्या दुधासारखं फाटलेलं पेट्रोल पाहिलं.

ती वळली. सुब्रमण्यम दाराशी खुर्चीत बसले होते. त्यांचे डोळे भरून वाहत होते.

"अहो," ती म्हणाली, "हे म्हणत होता तुम्ही? हे?"

त्यांनी मान हलवली. डाव्या मुठीनं ते आपल्याच मांडीवर मारत राहिले. तिनं ती मूठ धरली.

मुरली उभाच राहिला.

"उभा राहू नकोस," कमलाक्षी त्याच्यावर ओरडली. एवढ्या वर्षांत ती त्याच्यावर कधी ओरडली नव्हती. "गाड्या! ज्याच्या त्याच्या गाडीतलं काढा! कालपरवाच भरलेलं असेल ना ते!"

माणसं धावली. नळ्या आणल्या, मोटारसायकली आडव्या केल्या, तोंडानं ओढून घागरीत पेट्रोल काढलं. सुब्रमण्यम यांनी खुर्ची इंजिनापाशी न्यायला लावली. बोलता येत नव्हतं, पण डाव्या बोटानं ते दाखवत गेले. आधी टाकी पूर्ण उपडी. मग नळी. मग कार्बोरेटरच्या तळाचा छोटा स्क्रू. मुरलीनं तो फिरवला, तसं आतलं पाणी ठिबकून गेलं. घाईनं नवी नळी जोडायला गेला तर अण्णांनी त्याचं मनगट धरून थांबवलं आणि पुन्हा एकदा धुवायला लावलं.

या खेपेला इंजिन बंद पडलं नाही. बोट दोनदा गेली, दोनदा आली. म्हातारी माणसं उतरली, मुलं उतरली, एक शेळी उतरली. राजम शेवटी उतरली, एकटी.

"नटराज कुठाय?" कमलाक्षीनं विचारलं.

राजमनं नदीकडे पाहिलं. बोट वाहून जाताना तिनं आणि नटराजनं पाहिलं होतं. आता कुणी येत नाही, असं समजून तो तिट्टूच्या खालच्या टोकाला गाय सोडवायला गेला. तिथं पाणी गळ्याशी होतं. गाय पोहत पलीकडच्या काठाला लागली. नटराज पाणी ओसरल्यावर सापडला.

गावात कुणी मुरलीला तोंडावर बोललं नाही. तेच त्याला सोसेना. पंचायतीच्या बैठकीत तो आपणच उभा राहिला आणि म्हणाला, "मी राखलं म्हणून ते नासलं. मला काय करायचं ते करा." पंचायतीनं पुढचा विषय घेतला. घरी येऊन तो अण्णांच्या पायाशी बसला. सुब्रमण्यम यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी बोलू पाहिलं, पण आलेला शब्द चुकीचा असावा, कारण त्यांनी तो अर्ध्यावरच गिळला.

कमलाक्षीच्या मनात वेगळंच खुपत होतं. मुरलीला काही माहीत नव्हतं. तिला मात्र सांगितलं गेलं होतं, पुन्हा पुन्हा, कित्येक महिने. डॉक्टरांनी शब्द चुकेल म्हणून बजावलं होतं, कॉफीचं पुस्तक तिनं ओळखलं होतं, मग हे का नाही? मुरली म्हणाला, "वहिनी, हे कुणालाच कळलं नसतं." तिला ते पटलं नाही. समजून घ्यायचा कंटाळा आला होता, एवढं तिला स्वतःशी नाकारता येत नव्हतं.

तेरावं झाल्यावर ती राजमकडे गेली. राजम काठावर बहिणीच्या घरी राहत होती. कमलाक्षीनं तिला तमीळमध्ये सगळं सांगितलं, दुधाचं, भिंतीचं, दूधवाल्याचं. काही गाळलं नाही. राजम सुपातले तांदूळ निवडत ऐकत होती.

"बोट आली असती तरी तो गायीशिवाय चढला नसता," ती शेवटी म्हणाली. "मी भांडले असते. हाताला धरून ओढलं असतं. कदाचित आला असता, कदाचित नसता."

"राजम..."

"मला भांडायला मिळालं नाही, अक्का."

कमलाक्षीला रडू आलं. राजम रडली नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली, आतून तांब्याभर पाणी आणून पाहुणीसमोर ठेवलं.

"हे सांगायला आलात, बरं केलंत," ती म्हणाली. "पण आता काही दिवस येऊ नका. मला तुमच्याकडे बघवत नाही. जमेल तेव्हा मीच येईन."

कमलाक्षी पाणी प्यायली आणि निघाली. बांधावरून चालताना तिला नदीचा आवाज ऐकू येत होता. पाणी आता पात्रात होतं, आणि तिट्टूवर कुणीतरी मोडलेल्या केळी तोडून ढीग रचत होतं. घरी ती सुब्रमण्यम यांच्याजवळ जाऊन बसली. ते काहीतरी म्हणाले. तिला अर्थ लागला नाही.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.