डावी पाकळी

“तिका सांग,” खारे बांगडे उन्हात पसरता पसरता विमला म्हणाली, “हय ऱ्हवतां तर बांगड्याचो वास येतलोच. नको तर जा म्हणा मोरजीक.”

भाड्याच्या खोलीच्या पायरीवर गालिना हाताची घडी घालून उभी होती. वास थेट उशीपर्यंत येतो, अशी तिची तक्रार गौरवीने नुकतीच आईला सांगितली होती. आता आईचं उत्तर तिने रशियनमध्ये सांगितलं. जसंच्या तसं, रशियनांची गर्दी असते त्या मोरजीसकट.

गालिनाच्या भुवया वर गेल्या. तिने विमलाकडे बघितलं, विमलाने तिच्याकडे. दोघी साठीच्या जवळपासच्या, दोघी हट्टी. मग गालिना खो खो हसत सुटली, पायरी उतरून आली आणि बांगड्यांच्या चटईचं एक टोक धरून उभी राहिली. दुसरं टोक विमलाने धरलं. चटई परसाच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेली आणि भांडण मिटलं.

बल्कांवच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, बाकावर विमलाचा नवरा गोकुळदास उंडो पाव चहात बुडवून खात बसला होता. त्याला हे पसंत पडलं नाही.

“गो, मोरजीक जा म्हणान सांगूकच व्हयां हुतां? भाडेकरू ती. जरा गोड करून सांगूचां.”

“पपा, आईन सांगलां तां मी सांगलंय. दुभाषान आपलां घालूचां नाय, दुसऱ्याचां काढूचां नाय. पयल्याच दिसा शिकवतत तां.”

गोकुळदासचा हात कपाशी थांबला.

“मगे तुमका थय आमचोच नेम शिकवतत,” तो म्हणाला. लेकीचं कौतुक तोंडावर करायची त्याला सवय नव्हती, म्हणून त्याने उरलेला उंडो एकदम तोंडात घातला.

आमचा नेम म्हणजे गाऱ्हाण्याचा. हरमलच्या त्या वाड्यावर कुणाला घर बांधायचं असो, लग्न ठरवायचं असो, देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही, आणि देवापुढे त्या माणसाच्या वतीने बोलायचा मान गोकुळदासच्या घराण्याकडे. गुरव देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावतो. गाऱ्हाण्याचा पहिला भाग मोठ्याने, सगळ्यांच्या कानावर जाईल असा. खरा प्रश्न मात्र गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वाकून, खालच्या आवाजात. एकाच्या घरचं दुखणं गावभर कशाला? मग प्रसादाची वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही.

एकदा एका माणसाला बांधावरच्या माडासाठी सख्ख्या भावाशी भांडायचं होतं. माड भावाचाच, हे गोकुळदासला पक्कं ठाऊक होतं, कारण लावताना तो स्वतः तिथे हजर होता. तरी त्याने देवापुढे त्या माणसाचंच म्हणणं मांडलं. मागणाऱ्याचं मागणं बदलणारे आपण कोण? म्हणून तर पंचक्रोशीतले लोक त्याच्याकडे येत.

आणि आता त्याच्याच घरात प्रश्न येऊन पडला होता. दिल्लीच्या एका मोठ्या इस्पितळाने गौरवीला दुभाषी म्हणून घेतलं होतं. उझबेकिस्तान, कझाकस्तानहून माणसं तिथे ऑपरेशनला येतात. त्यांना रशियन कळतं, डॉक्टरांना कळत नाही. मधे कुणीतरी लागतं. सोमवारपर्यंत कळवा, असा फोन आला होता.

“दिल्ली?” विमला म्हणाली होती आणि पुढे दोन दिवस त्या विषयावर काहीच बोलली नव्हती. बाकीचे मात्र बोलत होते. परक्या भाषा शिकलेल्यांचं पुढे काय होतं, याची चौकशी प्रत्येक लग्नात, प्रत्येक जेवणाच्या पंगतीत होई आणि गौरवीला उत्तरं पाठ झाली होती. फ्रेंच शिकलेली समीक्षा हॉटेलात बसून पाहुण्यांना हसून चाव्या देते. जर्मन शिकलेली रेश्मा बेंगळुरूत फोनवर जर्मनीतल्या लोकांच्या कपडे धुवायच्या मशिनींच्या तक्रारी ऐकते. पोर्तुगीज शिकलेला गौरेश जुन्या जमिनीच्या कागदांत डोकं घालून बसतो, दिवसभर शिंकतो आणि म्हणे सुखात आहे. “आणि तू काय, शॅकात रशियनांका मेन्यू वाचून दाखवतलंस?” असं मामा विचारी आणि स्वतःच हसे.

गोकुळदासने मोरजीच्या एका रिसॉर्टमध्ये शब्द टाकून ठेवला होता. स्कूटरने जायचं, संध्याकाळी घरी. वाईट काय त्यात?

वाईट काहीच नव्हतं. पण गेल्या मोसमात गालिनाच्या नवऱ्याच्या छातीत कळ आली, तेव्हा त्याच्याबरोबर म्हापशाच्या इस्पितळात गौरवी गेली होती. डॉक्टर बोलत होते ते ती सांगत होती. ऑपरेशन फसूही शकतं, हेही तिने सांगितलं. त्याने तिचा हात धरला आणि विचारलं, खरं सांगतेस ना? ती म्हणाली, ते म्हणाले तेच सांगते. मग त्याने सही केली. तो वाचला. आता त्याला प्रवास झेपत नाही म्हणून यंदा गालिना एकटीच आली आहे आणि रोज त्याला फोनवर ओरडते. त्या दिवशी इस्पितळातून बाहेर पडताना गौरवीला कळलं होतं, आपण हे कशासाठी शिकलो. तिला दुसरं काही नको होतं. दिल्लीचं काम हातचं गेलं तर आपण आयुष्यभर झुरत राहू, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

“एकटो दर्यार गेलो,” शेवटी विमला बोलली. तिचा मुलगा सिद्धेश बोटीवर होता, वर्षाकाठी कधीतरी यायचा. “आता तू दिल्लीक. आमी दोघांनी हय काय बांगडे राखीत बसूचां?”

“आई, तशां म्हणू नको गो.”

“म्हणूचां नाय तर काय करूचां?” विमलाने डोळ्यांना पदर लावला. “तुझ्या पपाक इचार. फोन इल्यापासून जेवणात लक्ष नाय तेंचां.”

 जावंसं गौरवीला वाटत होतं आणि तिने जाऊ नये असं गोकुळदासला वाटत होतं. दोन्ही गोष्टी घरात सगळ्यांना ठाऊक होत्या.

“प्रसाद घेऊया,” गौरवीच म्हणाली. “डावी पडली तर मी जाणार नाय. फोन करून तशां सांगतलंय.”

आपण असं का बोललो, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं. आई दुसऱ्या कशालाच मानणार नाही, हे एक कारण. दुसरं असं की सिद्धेश बोटीवर गेला तो उजवी घेऊन, ह्या भाड्याच्या खोल्या बांधल्या त्या उजवी घेऊन. त्या घरात वाढलेल्या मुलीला विचारल्याशिवाय जाणं म्हणजे चोरून जाणं वाटत होतं.

रविवारी सकाळी देवळात फारसं कुणी नव्हतं. गोकुळदास धोतर नेसून, उघड्या अंगाने उंबऱ्याशी आला आणि मागे वळून त्याने गौरवीला विचारलं. प्रत्येकाला विचारी तसंच.

“काय मागूचां असा?”

“माका दिल्लीक जाऊचां असा. तेवढांच.”

“बरां.”

आत कृष्णनाथ गुरवाने पाकळ्या लावल्या आणि तो बाजूला झाला. विमला खांबाशी हात जोडून उभी राहिली. गोकुळदासने आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा! आज ह्यां तुझां लेकरू तुझ्या दारात हुबां असा. शिकलां, शाणां झालां, परक्यांची भास शिकलां. तेच्या मनात काय असा तां तुका ठावक. चुकलां-माकलां पदरात घे, सरळ वाट दाखय, जाईत थय राखण कर, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” जे होते ते म्हणाले.

मग तो वाकला. त्याच्या मागे एका पावलावर गौरवी उभी होती. पुटपुटणं टिपायला ती म्हापशाच्या इस्पितळात शिकली होती; आजारी माणसं कधी मोठ्याने बोलतात? तिला शब्द न् शब्द ऐकू आला.

“हिका दिल्लीक धाडू काय, म्हाराजा? धाडूचां असात तर उजवी दी.”

बस. आपलं काही घातलं नाही, तिचं काही काढलं नाही. दोन घास पोटात गेलेले नसताना, उद्या घर रिकामं होणार हे दिसत असताना हा माणूस देवाकडे लेकीचंच मागणं मागतो आहे, हे ऐकून गौरवीला रडू आलं. तिने ओठ दाबून धरले.

सगळे वाट बघत राहिले. समईची वात तडतडली. बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी मोटारसायकल गेली.

पाकळी पडली.

“डावी,” कृष्णनाथ म्हणाला.

 शब्द गौरवीनेच दिला होता, तोंड वर करून बोलायला जागा नव्हती. खांबाशी विमलाने डोळे मिटून हात कपाळाला लावले. तिला हायसं वाटलं होतं आणि ते तिने लपवलं नाही; तिच्या जागी कुणालाही वाटलं असतं.

गोकुळदास वाकलेलाच होता. बराच वेळ. मग तो सरळ झाला, गुरवाने दिलेली पाकळी त्याने घेतली आणि लेकीच्या हातावर ठेवली. देवाकडे त्याने बघितलं नाही.

“हुकूम झालो,” तो म्हणाला. “जा म्हणता.”

“काय म्हणतास!” विमला पुढे आली. “डावी मरे पडली!”

“मी उलटां विचारलेलंय. हिका घरातच ठेवू काय, म्हणान विचारलेलंय. देव नाय म्हणता.”

“उलटां? तुमी केदी उलटां विचारूक नाय!”

“आज विचारलंय.”

विमलाने त्याच्याकडे नीट बघितलं. इतकी वर्षं संसार केलेली बाई ती. मग ती गौरवीकडे वळली.

“तू फाटीच हुबी हुतलंस गो. तसांच विचारल्यानी?”

आत कृष्णनाथ उगाचच समईची वात सारखी करत राहिला. गौरवीने वडिलांकडे बघितलं. आजवर दुसऱ्यांच्या वतीने हात जोडणारा हा माणूस तिच्याकडे असा बघत होता, की आता त्याच्या वतीने बोलायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. पाकळी तिच्या मुठीत ओली होती.

“व्हय आई,” ती म्हणाली. “तसांच.”

विमलाने विश्वास ठेवला. एकाचं दुसऱ्याला सांगताना ह्या बापलेकींनी कधी शब्द इकडचा तिकडे केला नव्हता, मग ठेवणार नाही तर काय? “मगे जा बाय,” ती म्हणाली आणि देवळातच मोठ्याने रडायला लागली. गोकुळदास चपला शोधत बाहेर गेला.

सोमवारी गौरवीने दिल्लीला होकार कळवला. पुढचे दिवस घाईचे गेले. विमलाने सोलं बांधून दिली, सुके बांगडे बांधून दिले. दिल्लीत थंडी फार, असं कुणीतरी सांगितल्यावर गालिनाने स्वतःची लोकरी टोपी आणून दिली आणि परत घ्यायला नकार दिला. टोपीला बांगड्याचा वास येत होता.

जायच्या आदल्या सकाळी गौरवी बल्कांवात कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. समोरच्या बाकावर गोकुळदास, पायरीवर चहाचा कप घेऊन गालिना. फाटकातून वरच्या वाड्यावरची यशोदा आली. मुलाच्या नव्या घराचा पाया घालायचा होता. प्रसाद कधी घ्यायचा ते विचारायला आली होती.

“सर्वेशाक सांग,” गोकुळदास म्हणाला. “माझो पुतणो. तेका सगळां पाठ असा.”

“सर्वेश? आणि तुमी?”

“माझ्यान आता गाऱ्हाणां जाऊचां नाय.”

“कित्याक? बरां नाय तुमका?”

“आवाज गेलो माझो.”

हे तो असं खणखणीत बोलला की कुंपणावरचा कावळा उडाला.   यशोदा वळून त्याच्याकडे बघत फाटक लोटून निघून गेली.

गौरवीच्या हातातला कुडता अर्धवट घडीचाच राहिला. ह्या माणसाला देवळात उभं राहायला लाज वाटते आहे आणि ती आपल्यासाठी, हे तिला कळलं.

“काय झालं?” गालिनाने रशियनमध्ये विचारलं. “ती बाई अशी का गेली?”

“देवापुढे गाऱ्हाणं घाला म्हणून सांगायला आली होती. पपा म्हणाले, त्यांचा आवाज गेला.”

“काहीतरीच. चांगला आहे की आवाज. मला तर पार आतल्या खोलीत ऐकू येतो.”

“काय म्हणता ती?” गोकुळदासने विचारलं.

 गौरवीने सांगितलं.

“आवाज बरो असा म्हणता तुमचो.”

गोकुळदासने कप खाली ठेवला. समोर चटईवर बांगडे वाळत होते, त्यांच्याकडे तो बघत राहिला.

“आवाज बरोच असा,” तो हळू म्हणाला. “पण त्या दिसापासून देवाकडे वर बघूक धीर जायना.” आणि मग, गालिनाकडे न बघता: “ह्यां सांगू नको तिका.”

गालिना उत्तराची वाट बघत होती. गौरवीने कुडत्याची घडी पूर्ण केली, तो बॅगेत ठेवला आणि चहा आणखी हवा का, असं तिला विचारलं.